सहा महिने आणि अर्धा सेकंद

गेल्या रविवारी काकाकडे जेवायला होतो. निमित्त, माझ्या चुलत बहिणीचा व्हिसा आला. बाईसाहेब इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि येत्या ऑगस्टमध्ये एका सेमिस्टरसाठी नेदरलँड्सला चालल्यात. स्टुडंट एक्स्चेंज! श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, आजी तिच्या खुर्चीत, बाबा आणि काका एकाच पेपरची दोन पानं वाटून घेऊन वाचताहेत, असा एकूण सीन. सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना काकानं श्रीखंडाची वाटी बाजूला सारली आणि मला विचारलं, ‘‘तू जाऊन आलीस ना? मग आता खरं सांग. सहा-सात लाख घालायचे. तिकडची डिग्री नाही, तिकडची नोकरी नाही, सहा महिन्यांनी परत इथेच. मग फायदा काय?’’

पुरी घशातच अडकली माझ्या. कारण हाच प्रश्न याच काकानं, याच टेबलावर, २०१६ मध्ये माझ्या बाबांना विचारला होता. तेव्हा बाबांकडे उत्तर नव्हतं. आता माझ्याकडे असायला हवं होतं. मी पाणी प्यायले आणि ‘‘सांगते नंतर’’ म्हणून वेळ मारून नेली. ते ‘नंतर’ म्हणजे हा कॉलम.

आधी, ज्यांना एक्स्चेंज प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन विद्यापीठांचा करार असतो. फी आपल्या कॉलेजात भरायची, शिकायचं तिकडे आणि तिकडची क्रेडिट्स आणून इकडच्या मार्कलिस्टवर चढवायची. युरोपात या प्रकाराला ग्लॅमर आलं ते ‘इरॅस्मस’मुळे. १९८७ मध्ये ११ देश आणि ३,२४४ विद्यार्थी घेऊन हा प्रोग्रॅम सुरू झाला. आजवर दीड कोटीच्या वर लोक त्यातून जाऊन आलेत. बार्सिलोनाच्या एका फ्लॅटमध्ये कोंबलेल्या अशाच पोरापोरींवर २००२ मध्ये ‘लोबेर्ज एस्पान्योल’ नावाचा फ्रेंच सिनेमा आला होता. कॉलेजच्या फिल्म क्लबात तो पाहिला आणि मी ठरवून टाकलं, आपलं आयुष्य असंच असायला पाहिजे. फुल टू धमाल, सात भाषा, रात्री अडीचला कोणीतरी गिटार वाजवतंय.

माझं एक्स्चेंज इरॅस्मसचं नव्हतं. स्कॉलरशिपही नव्हती. एमए इकॉनॉमिक्सचं तिसरं सेमिस्टर, जर्मनीतल्या ग्योटिंगेनला, तिथली फी माफ, बाकी सगळा खर्च आपला. जर्मन व्हिसासाठी एका ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच पैसे भरून दाखवावे लागतात. तेव्हा महिन्याला ७२० युरो लागायचे, आज हाच आकडा ९९२ आहे. सहा महिन्यांचे झाले ४,३२० युरो. युरो तेव्हा पंच्याहत्तरच्या आसपास होता. करा हिशेब. सव्वातीन लाख! विमानाचं तिकीट आणि इन्शुरन्स वेगळा.

बाबांनी ते पीएफमधून काढले. रिटायर व्हायला चार वर्षं उरलेली. काकाच्या ‘फायदा काय’वर ते फक्त एवढंच म्हणाले, ‘‘अरे, डेक्कन कॉलेजचा कीलहॉर्न तिथलाच.’’ काका बघतच राहिला. आमचे बाबा हिस्ट्रीचे भक्त. संस्कृतचे पंडित फ्रांझ कीलहॉर्न पुण्यात डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ शिकवत होते आणि १८८२ पासून ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ मध्ये त्याच विद्यापीठानं सन्मानाची डॉक्टरेट दिली, हे सगळं बाबांनी काकाला अर्धा तास ऐकवलं. पीएफ काढायला हे कारण पुरेसं आहे का? काकाच्या मते नव्हतं. माझ्या मते जाम पुरेसं होतं. जायला मिळत होतं ना!

एअरपोर्टवर आजीनं हातात हजाराची नोट कोंबली. ‘‘परत येशील तेव्हा टॅक्सीला लागतील. मोडू नकोस.’’ मी ती पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवली. नाही मोडली. पुढे आठ नोव्हेंबरला काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. बाबा इकडे बँकेच्या रांगेत आणि आजीची नोट तिकडे माझ्या पासपोर्टमध्ये रद्द! परदेशात अडकलेल्यांना ३१ मार्च २०१७ पर्यंत रिझर्व्ह बँकेत जाऊन नोटा भरता येत होत्या म्हणे. एका नोटेसाठी मुंबईची फेरी कोण करणार? आजही ती माझ्या जर्मन डिक्शनरीत आहे.

पंच्याहत्तरचा पाढा

पहिले दोन महिने मी एकच विषय शिकले. पंच्याहत्तरचा पाढा. कॉफी दोन युरो म्हणजे दीडशे रुपये, नको. बस नको, चालू. एक फ्लॉवर दीड युरो, म्हणजे एकशे साडेबारा, कॅन्सल. मग एक दिवस शोध लागला की, पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात. म्हणजे पावणेएकोणीस रुपये! त्या दिवसापासून माझी नजर बदलली. पार्टीत लोक बिअर बघायचे, मी डबे मोजायची. चार रिकामे डबे म्हणजे एक युरो, म्हणजे उद्याचे बटाटे.

गाव मात्र सुंदर. जुन्या तटबंदीच्या मातीच्या बांधावरून अख्ख्या गावाला चालत वळसा घालता येतो. टाउन हॉलसमोर कारंज्यावर हंस घेतलेल्या पोरीचा पुतळा आहे, १९०१ पासूनचा. पीएचडी झाली की लोक फुलं घेऊन वर चढतात आणि तिच्या गालाचा मुका घेतात. फेसबुकवर माझे फोटो सगळे तिथले. पुण्याहून लाइक्स धो धो. ‘ऐश आहे बाबा एका मुलीची!’ आणि ती मुलगी रात्री होस्टेलच्या किचनमध्ये एकटी उभी राहून कुकरशिवाय डाळ शिजायची वाट बघतेय. ते कोण टाकणार फेसबुकवर?

होस्टेलचा फ्लॅट सहा जणांचा. एकेक खोली, किचन कॉमन. कोण होते? एक कोरियन मुलगा, तो फक्त रात्री दिसायचा. एक तुर्की मुलगी, ती सतत फोनवर. आणि बाकी तिघं जर्मन. त्यातली एक मुलगी कायदा शिकणारी, अगदी सरळ रेषेसारखी. फ्रिजमध्ये तिच्या दह्यावर तिच्या नावाची चिठ्ठी. कचऱ्याच्या चार डब्यांत काय कशात टाकायचं याचा तिनं स्वतःच्या हातानं काढलेला तक्ता. पहिल्या दिवशी तिनं मला किचनमध्ये थांबवलं आणि विचारलं, ‘‘तुझं नाव नीट कसं म्हणायचं?’’

माझ्या नावात ‘ज्ञ’ आहे. मी म्हटलं, सोड ना, काहीही म्हण. ती म्हणाली, ‘‘काहीही कसं? ते तुझं नाव आहे.’’ चार वेळा म्हणून बघितलं तिनं. पाचव्यांदा बऱ्यापैकी जमलं. मग ते रोमन अक्षरांत, उच्चार कसा करायचा त्याच्या खुणांसकट, फ्रिजवर चिकटवलं. बाकीच्यांसाठी! तेव्हा मला वाटलं होतं, किती ती शिस्त, डोक्याला शॉट आहे ही मुलगी.

वर्गातली गोष्ट वेगळी. कोर्स इंग्रजीत होते, त्यामुळे लेक्चरला प्रॉब्लेम नाही. लेक्चर संपलं की पोरं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतात. पहिल्यांदा मी दचकून दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. प्रॉब्लेम सुरू व्हायचा तो लेक्चरनंतर. मेसमध्ये, तिकडे त्याला ‘मेन्झा’ म्हणतात, सगळे एकत्र जेवायला बसायचे. पहिली दोन मिनिटं माझ्यासाठी इंग्रजी. ‘‘हाऊ इज इंडिया? इज इट हॉट?’’ मग कोणीतरी कोणाला मिठाची बाटली मागायचं, ती जर्मनमध्ये, आणि गाडी जी जर्मनच्या रुळावर जायची ती जेवण संपेपर्यंत. मॅक्समुल्लर भवनातली माझी एटू लेव्हल म्हणजे ‘स्टेशन कुठे आहे’ आणि ‘माझा भाऊ उंच आहे’. या मंडळींच्या स्पीडपुढे माझा उंच भाऊ काय करणार? आणि मला भाऊ नाहीच.

मग मी एक टेक्निक शोधलं. सगळे हसले की हसायचं. चेहऱ्यांवर लक्ष ठेवायचं, हशा फुटला की आपणही दात दाखवायचे. पण ते बरोबर टायमिंगला जमत नाही हो. अर्धा सेकंद उशीर होतोच. आणि तो अर्धा सेकंद समोरच्याला दिसतो. त्याहून वाईट म्हणजे, समोरच्याला दिसतच नाही.

एकदा टेबल असं काही हसलं की, एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी शेजारच्याला विचारलं, काय झालं? तो अजून हसतच होता. म्हणाला, ‘‘आख, निश्ट झो विश्टिश.’’ एवढं जर्मन मला येत होतं. अगं, काही विशेष नाही.

आणि माझ्या हातातला काटा तिथेच थांबला. कारण हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं होतं कुठलं, मीच म्हटलं होतं. पुण्यात. बीएच्या वर्गात.

शेवटच्या बाकावरचा तो

बीएला आमच्या वर्गात एक सुदानी मुलगा होता. खार्टूमचा. आयसीसीआरची, म्हणजे भारत सरकारची स्कॉलरशिप घेऊन आलेला. पुण्यात अशी मुलं नवीन नाहीत. सुदान, येमेन, इराण, अफगाणिस्तान, कुठकुठून येतात. आपल्या गल्लीत राहतात, आपल्याच टपरीवर चहा पितात. हा शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसायचा. उंच, इस्त्रीचा शर्ट, हातात कायम एक निळी फाइल.

आमचे सर लेक्चर इंग्रजीत सुरू करायचे आणि महत्त्वाचा मुद्दा आला की मराठीत घुसायचे. ‘‘आता हे बघा रे, मागणी वाढली की काय होतं...’’ मग एखादा जोक, मग वर्ग खो खो. एकदा मी मागच्या बाकावर होते, त्याच्या शेजारी. असाच हशा झाला. त्यानं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, ‘‘व्हॉट डिड ही से?’’ मी डोळे पुसत म्हटलं, ‘‘नथिंग इम्पॉर्टंट.’’

तो हसला. अर्धा सेकंद उशिरा.

तीन वर्षं तो आमच्या वर्गात होता. कँटीनला आमचा अकरा जणांचा ग्रुप होता, दोन टेबलं जोडून बसायचो. एकदाही त्याला ‘ये रे’ म्हटलं नाही. वाईट नव्हतो आम्ही. त्रास दिला नाही, चिडवलं नाही. वरून एकमेकांना सांगायचो, आपल्या वर्गात फॉरेनर आहे, सॉलिड ना! फक्त तो आमच्यात नाही, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

त्या दिवशी मेन्झातून मी खोलीवर गेले आणि त्याचं नाव आठवायचा प्रयत्न केला. चेहरा आठवला, फाइल आठवली, शर्टाचा रंगसुद्धा आठवला. नाव आठवेना. तीन वर्षं रोज हजेरी व्हायची. सर त्याच्या नावाशी अडखळायचे, वर्ग हसायचा आणि तो ‘प्रेझेंट सर’ म्हणायचा. आम्ही त्याला ‘सुदान’ म्हणायचो. देशाच्या नावानं! मला कोणी ‘ए इंडिया’ म्हणून हाक मारली असती तर मी काय केलं असतं?

घड्याळाची गोष्ट

त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होतं, रविवारी. घरी ठरलं होतं की, संध्याकाळी पावणेसातला पूजा, मी स्काइपवर. जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे माझे सव्वातीन. दुपारी मी मस्त त्या बांधावरून चक्कर मारायला गेले. पिवळी पानं, थंडी, फोनमधला नेट पॅक संपलेला. तीनला परत आले, ड्रेस घातला, टिकली लावली, लॅपटॉप उघडला. स्काइपवर अकरा मिस्ड कॉल!

युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. पहाटे तीनचे दोन होतात. तिथल्या माणसाला हे लहानपणापासून ठाऊक, त्यामुळे कोणी कोणाला सांगत नाही. माझ्या फोननं आणि लॅपटॉपनं गुपचूप वेळ बदलली होती. साडेतीनचा फरक साडेचार झाला होता. पुण्यात तेव्हा साडेसात वाजले होते. पूजा झाली होती. आईनं सांगितलं, ‘‘आजी अर्धा तास लॅपटॉपसमोर बसून होती गं, आरतीचं तबक घेऊन. शेवटी वात विझायला आली.’’ आजी दुसऱ्या खोलीत जाऊन पडली होती. पाठ दुखत होती म्हणे.

मी किचनमध्ये जाऊन रडले. खोलीत का नाही, माहीत नाही. कदाचित कोणीतरी बघावं असं वाटत असेल. कायदेवाली आली, दही काढायला. थबकली. जर्मन माणसं ‘काय झालं’ असं पटकन विचारत नाहीत, ती शेजारी उभी राहिली. मग मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. आज आमच्याकडे दिव्यांचा सण आहे, घड्याळ, आजी, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला. ‘‘काय काय लागतं?’’

‘‘पणत्या,’’ मी म्हटलं. ‘‘पण आज रविवार आहे.’’ रविवारी तिकडे दुकानं कडकडीत बंद.

ती तिच्या खोलीत गेली आणि टीलाइट मेणबत्त्यांचं एक पाकीट घेऊन आली. मग जॅमच्या रिकाम्या बरण्या. धुऊन, लेबलं काढून, आकारानुसार लावून ठेवलेल्या. असणारच! कोरियन मुलगा चक्क दिवसा बाहेर आला. तुर्की मुलीनं फोन ठेवला. किचनच्या खिडकीत आम्ही एकवीस दिवे लावले. मी पुन्हा घरी फोन लावला आणि ‘आजीला उठव’ म्हटलं. आजी आली, चष्मा लावून स्क्रीनच्या एकदम जवळ. तिला माझ्याऐवजी सगळे दिवेच दिसत होते. तिनं विचारलं, ‘‘ही पोरगी कोण?’’ मी नाव सांगितलं. आजीनं दोन वेळा म्हणून बघितलं, कवळी सावरली आणि तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं. पलीकडे ती कायदेवाली असली लाजली की बस!

एक पॉइंट सात

आता हिशेबाची बाजू. काका, ही तुमच्यासाठी.

सेमिस्टरला ३० क्रेडिट. जर्मनीत एका क्रेडिटमागे ३० तासांचं काम धरतात. सहा क्रेडिटचा एक विषय म्हणजे १८० तास. मी पाच विषय घेतले होते. फेब्रुवारीत परीक्षा झाल्या, रिझल्ट लागायला लागले. बाबांचा फोन. ‘‘किती पडले?’’ मी उड्या मारत म्हटलं, ‘‘डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सला एक पॉइंट सात!’’

फोनवर भयाण शांतता. मग अगदी हळू आवाजात, ‘‘दहापैकी?’’

तिकडे उलटं असतं. एक पॉइंट शून्य म्हणजे सगळ्यात भारी, चार पॉइंट शून्यपर्यंत पास, पाच म्हणजे गचकलात. हे बाबांना समजावेपर्यंत ते दोन मिनिटं काय विचार करत होते ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. पण त्या दोन मिनिटांत ते रागावले नाहीत. ‘‘बरं, असू दे, तब्येतीला जप,’’ एवढंच म्हणाले. पीएफ काढलेला माणूस, मुलीला दहापैकी एक पॉइंट सात पडलेत असं समजून, तब्येतीला जप म्हणतो. हे मी कुठल्या ग्रेडमध्ये कन्व्हर्ट करू?

त्या सेमिनारमध्ये माझं प्रेझेंटेशन झालं तेव्हा वर्गानं बाकांवर ठकठक केली होती. ती माझी गिटार. रात्री अडीचची नव्हती, सकाळी सव्वादहाची होती, पण होती.

आता वाईट भाग. मार्चमध्ये परत आले. इकडे चौथं सेमिस्टर सुरू होऊन बराच काळ झालेला. माझ्या पाचपैकी दोन विषय ‘आपल्या सिलॅबसशी जुळत नाहीत’ असं सांगण्यात आलं. जाण्यापूर्वी ज्यांनी तोंडी ‘होऊन जाईल गं’ म्हटलं होतं ते विभागप्रमुख बदलले होते. कागदावर फक्त तीन विषयांची मान्यता. कॉरिडॉरमध्ये तीन आठवडे चपला झिजवल्या. शेवटी ते दोन पेपर पुढच्या वर्षीच्या पोरांबरोबर दिले. डिग्री एक टर्म लांबली आणि कँपसमधून हातात आलेली एक नोकरी त्यापायी गेली. बरोबरचे सगळे पहिल्या पगाराचे पेढे वाटत होते तेव्हा मी घरी बसून जुने प्रश्नसंच सोडवत होते. तेव्हाही बाबा काही बोलले नाहीत. काका बोलला. आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकलं नव्हतं.

म्हणून छोटीला मी परवा बसवून तीन गोष्टी सांगितल्या. तुमच्या घरात कोणी जाणार असेल तर कापून ठेवा.

एक. कुठल्या विषयाऐवजी कुठला विषय, त्याचे किती क्रेडिट, हे सगळं ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’मध्ये, सही-शिक्क्यानिशी. तिकडे गेल्यावर विषय बदलला तर त्याच दिवशी इकडे मेल आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा. २०२१ मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, २०२२ मध्ये यूजीसीनं परदेशी विद्यापीठांबरोबरच्या कार्यक्रमांचे नवे नियम केले. पण नियम कितीही येऊ देत, ‘होऊन जाईल गं’ हा कागद नव्हे.

दोन. परत यायची तारीख आणि इकडचं सेमिस्टर सुरू व्हायची तारीख शेजारी शेजारी लिहून बघ. मधल्या हजेरीचं काय, ते आधी विचार.

तीन. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार कॅलेंडरवर लाल पेननं गोल कर. आजीला पण सांगून ठेव.

फायदा

एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं. लष्कराचे दोन गट आणि मधे खार्टूम. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्हीवर बघत होते. जळणारी विमानं, ओस रस्ते. भारतानं आपली माणसं जहाजानं आणि विमानानं परत आणली, ‘ऑपरेशन कावेरी’. आणि मला तो आठवला. खिडकीशी, निळी फाइल घेऊन.

त्याला शोधावं असं वाटलं. फेसबुक, लिंक्डइन, आज कोणीही सापडतं. पण शोधायचं कोणत्या नावानं? बीएच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. त्रेचाळीस जण आहेत त्यावर. ‘आपल्या वर्गातल्या सुदानी मुलाचं नाव आठवतंय का कोणाला?’ एकानं लिहिलं, ‘सुदान ना? भारी होता.’ दुसऱ्यानं अंगठा. तिसरीनं, ‘हो गं, किती शांत होता!’ नाव कोणालाच नाही. त्रेचाळीस जणांत मिळून एक नाव नाही. त्याखाली कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं आणि विषय संपला.

ऑफिसात आमच्या टीमला आता इम्फाळची एक मुलगी आहे, नवीन. लंचला आम्ही आठ जण, त्यात सात मराठी. पहिली दोन मिनिटं हिंदी, मग कोणीतरी ‘लोणचं सरकव गं’ म्हणतं आणि गाडी रुळावर. तुमच्याही टेबलावर असंच होत असेल, कोणी मुद्दाम करत नाही. मागच्या महिन्यात हशा झाला आणि मी तिच्याकडे बघितलं. तो अर्धा सेकंद मला दिसला. मी जोक पुन्हा सांगितला, हिंदीत. पुन्हा सांगितलेला जोक असतो तसाच फुसका झाला. पण ती हसली. आणि मग तिनं तिच्याकडचा एक सांगितला, तो आम्हाला कळायला चार मिनिटं लागली.

काका, तर हा फायदा. सव्वातीन लाख रुपये, एक हुकलेली नोकरी, लांबलेली एक टर्म, आणि त्या बदल्यात अर्धा सेकंद दिसायला लागला. पगाराच्या स्लिपवर याची ओळ नाही. तुमच्या हिशेबात हा व्यवहार तोट्यातच जाईल बहुतेक. पण बाबांनी मला पुन्हा विचारलं, जाशील का, तर मी कागदावर सही-शिक्का घेऊन पुन्हा जाईन.

आणि एक गोष्ट राहिली आहे. कॉलेजच्या ऑफिसात जुनी रजिस्टरं असणार. त्यात त्याचं नाव असणार. गेली काही वर्षं मी ‘जाईन एकदा’ म्हणतेय. इथे छापून आलं की जावंच लागेल, म्हणून लिहिते आहे. येत्या शनिवारी जाते.

काल रात्री छोटीचा मेसेज आला. ‘ताई, सामान पंचवीस किलो झालंय, तेवीसच अलाउड आहे. कुकर काढू का पुस्तकं? आणि तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी नेमकं काय करू?’

मी लिहिलं, ‘पुस्तकं काढ. कुकर ठेव. पहिल्या दिवशी शेजारच्या खोलीत कोण आहे त्याला नाव विचार. नीट विचार. आणि लिहून ठेव.’